गाडीचा एसी थंड करेनासा झाला? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

एसीतून गार वारा येईनासा झाला की बहुतेकांच्या तोंडी पहिले वाक्य येते, ‘गॅस संपला असेल, भरून घेऊ.’ एसीच्या दुरुस्तीत सर्वाधिक पैसे वाया जातात ते याच वाक्यापायी. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि त्याचे प्रमाण कमी झाले असेल, तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे इतकाच त्याचा अर्थ होतो. रबरी होज (नळ्या) आणि गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षे किंचित झिरपणे स्वाभाविक असल्याने सात-आठ वर्षे वापरलेल्या गाडीत तो थोडा कमी आढळला, तर त्यात नवल नाही. मात्र दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर आपण गळती न शोधता नुसती भरती करीत आहोत, हे ओळखावे.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. मे महिन्यात पुण्याहून सोलापूरला जाताना हायवेवर एसी उत्तम चालत होता, पण इंदापूरजवळ टोलनाक्याच्या रांगेत गाडी थांबली की दोन मिनिटांत गरम वारा सुरू होई आणि गाडी पुन्हा वेगात आली की गारवा परत येई. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये काहीही न तपासता गॅस ‘टॉप-अप’ करून दिला गेला, आणि त्यानंतर तर उभ्या गाडीत कॉम्प्रेसर मध्येच बंद पडू लागला. सोलापुरातल्या एका इलेक्ट्रिशियनने गेजला (दाब मोजणाऱ्या मीटरला) हात लावण्याआधी बॉनेट उघडून एसी चालू करायला सांगितला आणि कंडेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा फिरतच नसल्याचे दाखवले. फ्यूजच्या डब्यातला त्याच प्रकारचा हॉर्नचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) काढून त्याने पंख्याच्या जागी बसवला, तेव्हा पंखा लगेच सुरू झाला. धावत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सर थंड करीत होता; थांबल्यावर ते काम करणारा पंखाच बंद असल्याने आतला दाब वाढत होता, आणि त्यात जास्तीचा गॅस पडल्यामुळे दाबावर लक्ष ठेवणारा प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करत होता. बिघाड एका रिलेचा होता. भरलेला जादा गॅस काढून घेण्याचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागले.

म्हणून गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी लक्षण नेमके टिपून ठेवावे. वारा गार आहे पण जोर नाही, तर प्रथम केबिन फिल्टर काढून पाहावा. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर बहुधा त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. सुरुवातीला चांगला गारवा मिळून तासाभराने वाऱ्याचा जोर कमी होत असेल आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर तो पूर्ववत होत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरत आहे आणि कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर तपासायला हवा. यांतील एकाही तक्रारीवर गॅसचा डबा जोडणे हा पहिला उपाय नव्हे.

एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा ‘टक्’ असा आवाज येतो का आणि पुलीच्या तोंडाशी असलेली तबकडी फिरू लागते का, हेही पाहावे. (काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा हा क्लचच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.) तबकडी फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि क्लचमधील वाढलेली फट या क्रमाने तपास करावा; कॉम्प्रेसर बदलण्याची गोष्ट त्यानंतरची. इथे प्रेशर स्विच ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे तो वगळून थेट वायर जोडून, कॉम्प्रेसर चालवण्याची क्लृप्ती काही जण करतात, ती करू देऊ नये. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसताना तो जबरदस्तीने चालवला, तर कोरडा पडून जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा सर्व नळ्यांत पसरतो.

बंद गाडीला गेज लावून ‘दाब बरोबर आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे’ असे सांगणेही चुकीचे आहे. आत थोडासा द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-134ए गॅस असलेल्या गाडीत 30 अंश सेल्सियसला तो दोन्ही बाजूंना सुमारे 97 पीएसआय दिसतो, मग गॅस पुरता असो वा निम्मा. स्वयंपाकघरातला सिलिंडर किती उरला हे पाहायला आपण तो उचलून बघतो, ज्योतीवरून अंदाज करीत नाही, तसेच हे आहे. खात्रीचा मार्ग वजनाचाच. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधील प्रमाण छापलेले असते. लहान गाडीत ते जेमतेम 400–500 ग्रॅम असल्याने 100 ग्रॅमची चूकही जाणवते.

गळती शोधताना साध्या हवेच्या कॉम्प्रेसरने नळ्यांत हवा भरणे ही नेहमी दिसणारी घाई आहे. त्या हवेतील बाष्प आत राहते, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅस ज्या अरुंद वाटेने जाऊन थंड होतो त्या झडपेच्या) तोंडाशी गोठते आणि तेलही खराब करते, म्हणून चाचणी कोरड्या नायट्रोजननेच करावी. जोडांवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर गळतीचा पहिला संशय तिथे घ्यावा. कंडेन्सर पुढे असल्याने उडालेल्या खड्यांचा मारही त्यालाच बसतो. गळती बुजवणारे द्रव टाकू नयेत, ते व्हॉल्व्हही बुजवू शकतात. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून (नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढून) पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहतो का, हे समोर उभे राहून पाहावे आणि मगच गॅस भरू द्यावा.

बिलावर नुसते ‘गॅस चार्जिंग’ लिहून घेऊ नये. किती ग्रॅम निघाला आणि किती ग्रॅम भरला, हे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. पुढच्या वेळी जुना गॅस काढला की वर्षभरात नेमका किती गेला, हे त्याच कागदावरून काढता येते.