कमांडर व्हायचंय? आधी ‘डावीकडे’ हा शब्द विसरा

शनिवारी रात्री साडेदहाला आमचं आर्मा 3 चं ऑपरेशन असतं. आर्मा 3 म्हणजे ऑनलाइन टोळीनं खेळायचा युद्धाचा कॉम्प्युटर गेम. दर महिन्याला एखादा नवा गडी येतो. दोन व्हिडिओ बघितलेले असतात, रेडिओची बटणंही नीट लावलेली नसतात, आणि थेट प्लाटून लीडरचा स्लॉट, म्हणजे सगळ्या तुकड्यांच्या म्होरक्याची जागा, धरून बसतो. बसू दे, कधीतरी बसावंच लागतं. पण पुढच्या दीड तासात तो काय काय चुकणार हे मला आता तोंडपाठ झालंय.

सगळ्यात आधी दिशा. मुंबईचा माणूस दिवसातून दहा वेळा ईस्ट-वेस्ट करतो. ‘दादर वेस्टला भेट’, ‘ब्रिज उतरून ईस्टला ये’. तोच माणूस हेडसेट चढवला की ओरडतो, "डावीकडून आले, डावीकडून!" अरे बाबा, कुणाच्या डावीकडून?

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जास्त चीड येते. गेममधल्या अल्टिसच्या नकाशावर कवाला गाव घ्यायचं होतं. अल्फा आणि ब्राव्हो या आमच्या दोन तुकड्या. ब्राव्हो पूर्वेच्या टेकडीवर मशिनगन लावून बसलेली, तोंड पश्चिमेला. मी अल्फाबरोबर दक्षिणेकडून गावात शिरलेलो, तोंड उत्तरेला. माझ्या डाव्या हाताच्या घरांत हालचाल दिसली आणि मी घाईत बोलून गेलो, "ब्राव्हो, डावीकडच्या घरांवर फायर!" माझी डावी म्हणजे पश्चिम. त्यांची डावी म्हणजे दक्षिण, आणि दक्षिणेच्या घरांत आम्हीच. आमच्या भांडुपच्या गनरनं इमानेइतबारे अख्खा बेल्ट आमच्यावर रिकामा केला. पहिला गेला मेडिक. मग आणखी चार जण. मी "सीझफायर" ओरडतोय, बाकीचेही तेच ओरडतायत, त्यामुळे ब्राव्होला धड काही ऐकूच जाईना. बाहेरच्या खोलीतून आई विचारतेय, "कोण गेलं रे?" गनरचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं हुकूम पाळला.

त्या रात्रीपासून माझ्या मॉनिटरच्या खाली चिठ्ठी चिकटवलेली आहे: कुठे, किती लांब, काय दिसतंय. बोलण्याआधी कीबोर्डवरचं K बटण दाबून कंपास बघायचा, मगच तोंड उघडायचं. यात दोन सेकंद जातात. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांनी रायफलमनचा स्लॉट घ्यावा, तिथे मजा भरपूर आहे.

आकडे सुटे सुटे सांगा. मराठीत खेळणाऱ्यांना हा वेगळाच ताप आहे. एकदा मी ऐन चकमकीत बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा अंशांत, सांगताना म्हणालो, "बेअरिंग एकोणसत्तर." पलीकडून इंग्रजी माध्यमातल्या पोराचा आवाज, "दादा, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?" सगळे हसत सुटले, आणि तेवढ्यात एकोणसत्तरवरून रणगाडा आला. मला ‘एकोण’चा अभिमान आहे, पण रेडिओवर शून्य-सहा-नऊच. ग्रिडचंही, म्हणजे नकाशावरची जागा सांगणाऱ्या आकड्यांचंही तसंच: आधी आडवा आकडा, मग उभा. सहा आकडी ग्रिड म्हणजे 100 मीटरचा चौकोन. उलटा वाचलात की मॉर्टर भलत्याच गावावर पडतो आणि शिव्या मॉर्टरवाला खातो.

दुसरी चूक तर मला पाठीमागूनसुद्धा ओळखता येते. कमांडर स्वतः गोळ्या झाडत असतो. ‘स्क्वॉड’ नावाच्या दुसऱ्या युद्धाच्या गेममध्ये हे रोज दिसतं. एका बाजूला 50 जण, एका तुकडीत नऊ. आठ जण विचारतायत ‘जायचं कुठे?’ आणि नववा, म्हणजे लीडर, खिडकीत स्कोप लावून पडलेला. रॅली पॉइंट (मेलेल्यांना परत खेळात उतरायची तुकडीची जागा) टाकलेला नाही, सामानाचा ट्रक तळावर तसाच उभा, कमांड चॅनलवर बाकीचे लीडर हाका मारून दमले. वर विचारलं की म्हणतो, "भाई, तिघांना मारलं." तिघांना मारायला तुझ्याकडे आठ माणसं होती ना! माझी एक खोड आहे: खेळ संपला की मी माझी रिकामी मॅगझिन मोजतो. दोनाच्या वर निघाली तर त्या दिवशी मी कमांडर नव्हतो, हौशी शिपाई होतो.

पुढे राहून नेतृत्व करायचं असतं, असं मला नेहमी ऐकवलं जातं. मग सिंहगड आठवा. 1670 मध्ये तानाजी पडले, मावळे मागे फिरले, तेव्हा सूर्याजींनी दोर कापून त्यांना परत लढायला उभं केलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. इथे येणाऱ्या प्रत्येकाला तानाजी व्हायचं असतं. मी स्लॉट भरताना आधी विचारतो, सूर्याजी कोण? रीस्पॉन (मेल्यावर परत खेळात येणं) बंद असलेल्या ऑपरेशनमध्ये कमांडर पहिल्या दहा मिनिटांत गेला आणि पुढचा कोण हे ठरलेलं नसलं, की वीस माणसं झुडपात बसून एकमेकांना विचारत राहतात. म्हणून ब्रीफिंगमध्ये मी तीन जणांचा क्रम मोठ्यानं सांगतो आणि बेत काय, कशासाठी, हेही त्या तिघांकडून वदवून घेतो. ‘पूल धरा’ एवढंच कळलेला माणूस पूल उडाल्यावर तिथेच उभा राहतो. ‘गाड्या पलीकडे जाऊ द्यायच्या नाहीत’ हे कळलेला ओढ्याचा उतार शोधतो.

बाकीचं थोडक्यात.

स्क्वॉडमध्ये हॅब, म्हणजे आपल्या बाजूला परत खेळात उतरायचं ठाणं, थेट काबीज करायच्या झेंड्याच्या जागेवर बांधू नका. शत्रूची माणसं जवळ जमली की तिथून उतरणंच बंद होतं. थोडं बाजूला, आडोशाला बांधा आणि चालत या.

तुकडी बनवून मिनिटभरात लीडरशिप दुसऱ्याच्या गळ्यात मारून पळू नका. नाव लक्षात राहतं.

माइक सतत उघडा ठेवू नका. कुकरच्या तीन शिट्ट्या आम्ही मोजल्या, चौथीच्या आधी आमच्या दारात ग्रेनेड आला.

हुकूम दिलात की समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. नुसतं "हो हो" आलं तर त्यानं ऐकलेलं नाही असं समजा.

हरल्यावर लगेच सर्व्हर सोडू नका. दहा मिनिटं बसा, काय चुकलं ते बोला, सुरुवात स्वतःपासून करा. मेडिकची मी त्या रात्री माफी मागितली, त्यानं अजून वडापाव वसूल केलेला नाही.

आणि ऑपरेशन रविवारी दुपारी लावू नका. मेगाब्लॉक असतो, निम्मी प्लाटून कुर्ल्याला अडकलेली असते.