आर्सेनिक न हाताळता सल्फेट खनिजांतील त्याचे अडकणे कसे दाखवावे

कृष्णाकाठच्या चोपण जमिनीत जिप्सम टाकतात हे सांगली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना घरूनच माहीत असते. म्हणून सल्फेट खनिजांत आर्सेनिक कसे अडकते हे शिकवताना सुरुवात जिप्समपासूनच करावी. जिप्सम म्हणजे पाण्याचे दोन रेणू सोबत बाळगणारे कॅल्शियम सल्फेट. त्याचा स्फटिक वाढत असताना सभोवतालच्या पाण्यात आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांचा ऋणभारित आयन, असेल, तर त्यातील काही आयन सल्फेटच्या जागी बसतात आणि वरून नवा थर चढला की आतच राहतात. दोन्ही आयनांचा आकार चतुष्फलकाचा असल्याने ही अदलाबदल शक्य होते. मात्र सल्फर-ऑक्सिजन बंधाची लांबी सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम, तर आर्सेनिक-ऑक्सिजन बंधाची सुमारे १.६९ अँगस्ट्रॉम असते. म्हणजे पाहुणा यजमानापेक्षा अंगाने मोठा आहे, आणि तो शिरला की स्फटिकाची एकक कोशिका, म्हणजे रचनेचा पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा, किंचित फुगते.

माझ्या मते आकारापेक्षा विद्युतभार आधी शिकवावा. सल्फेटवर दोन ऋणभार असतात. आर्सेनेटवर किती असतील ते पाण्याच्या सामूवर ठरते: साधारण २.२ ते ६.९ सामूपर्यंत एकभारी रूप प्रबळ असते, त्यानंतर ११.५ पर्यंत द्विभारी. त्यामुळे आम्लधर्मी पाण्यात तयार होणारे जिप्सम फारसे आर्सेनेट घेत नाही, तर अल्कधर्मी पाण्यात अधिक घेते. आर्सेनाइटची, म्हणजे कमी ऑक्सिजन असलेल्या आर्सेनिकच्या रूपाची, गोष्ट वेगळी आहे. सामू ९ च्या खाली ते बहुतांशी भाररहित असते आणि त्याचा आकारही चतुष्फलकाचा नसतो.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, हे सांगितले की महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत त्याचे संयुग का आणू नये ते वेगळे समजवावे लागत नाही. त्याऐवजी फॉस्फेट वापरावे. ते आर्सेनेटचे रासायनिक भावंडच आहे, त्याचा भारही सामू ७.२ च्या आसपास एकावरून दोनवर जातो, आणि फॉस्फोजिप्सममध्ये, म्हणजे फॉस्फेट खतांच्या कारखान्यातून उपपदार्थ म्हणून निघणाऱ्या जिप्सममध्ये, ते सल्फेटच्या जागी बसलेले आढळतेच.

एका चंचुपात्रात २.९४ ग्रॅम द्विजलीय कॅल्शियम क्लोराइड १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. दुसऱ्यात २.८४ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट ९० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यात १० मिलिलिटर फॉस्फेट द्रावण घालावे. हे द्रावण लिटरमागे १.४२ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घेऊन आधीच करून ठेवावे. अशा तीन जोड्या करून त्यांचा सामू अनुक्रमे ४, ५.५ आणि ७ वर आणावा, मग प्रत्येक जोडी एकत्र ओतून ढवळत राहावे. काही वेळाने सुयांसारखे स्फटिक दिसू लागतात. मिश्रण रात्रभर ठेवून सामू पुन्हा मोजावा, कारण तो सरकतो.

इथेच एक फसगत होते. सामू ७ ला कॅल्शियम फॉस्फेट स्वतंत्रपणेही खाली बसू शकते, आणि मग आपण जिप्समच्या नावावर भलतेच काही मोजतो. ते ओळखण्यासाठी प्रत्येक सामूला एक तुलनापात्र ठेवावे, ज्यात सोडियम सल्फेटऐवजी प्रयोगशाळेतील सोडियम क्लोराइड २.३४ ग्रॅम घ्यावे. त्यात गढूळपणा आला, किंवा गाळून घेतलेल्या द्रावणातील फॉस्फेट घटले, तर त्या सामूचा निष्कर्ष बाजूला ठेवावा.

दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची आहे: पृष्ठभागाला चिकटलेले फॉस्फेट आणि जालकात, म्हणजे स्फटिकाच्या आतल्या रचनेत, अडकलेले फॉस्फेट यांतील फरक. स्फटिक गाळून आधी जिप्समच्या संपृक्त पाण्याने धुवावेत, कारण साध्या पाण्यात ते विरघळतात. त्यानंतर मात्र मुद्दाम साधे पाणी वापरावे. एक ग्रॅम स्फटिक २० मिलिलिटर पाण्यात हलवले, तर जेमतेम वीसावा भाग विरघळतो. ते पाणी गाळून त्यात सल्फ्युरिक आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालून फॉस्फेटचा निळा रंग पाहावा. हे तीन-चार वेळा करावे. रंग दर वेळी फिका होत नाहीसा झाला, तर फॉस्फेट फक्त वर चिकटलेले होते. तो कमी होऊन एका पातळीवर टिकला, तर ते आतही आहे. शेवटी उरलेले अर्धा ग्रॅम स्फटिक २०० मिलिलिटर अतिविरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून तिन्ही सामूंच्या रंगांची तुलना करावी. द्रावण याहून तीव्र ठेवू नये, नाहीतर अभिकर्मकातील सल्फ्युरिक आम्लामुळे जिप्सम पुन्हा खाली बसते. (आर्सेनेटही हाच निळा रंग देते.)

आम्लधर्मी पाण्यात आर्सेनेट कमी शिरते हा जिप्समचा नियम जारोसाइटला लावू नये. पोटॅशियम आणि लोह यांचे हे पिवळसर सल्फेट खाणींच्या आम्लयुक्त सांडपाण्यात, सहसा सामू ३ च्या खाली तयार होते, आणि तरीही त्यात आर्सेनेट चांगले शिरते; तिथे भाराचा हिशेब जालकातील हायड्रॉक्सिलला प्रोटॉन जोडून पुरा होतो. त्याहून किंचित कमी आम्लात श्वर्टमनाइट हे लोहाचे दुसरे सल्फेट खनिज बनते. ते टिकाऊ नसते, काळानुसार त्याचे गोथाइट हे लोहाचे ऑक्साइड-हायड्रॉक्साइड खनिज होते. आत आर्सेनेट असेल तर हा बदल लांबतो. म्हणून अशा गाळाच्या नमुन्याच्या बाटलीवर तारखेसोबत जागेवरच मोजलेला सामू लिहावा आणि तपासणी लांबवू नये.