कळ दाबल्यावर सूर उशिरा येत होता, तो असा सुधारला

सॉफ्टवेअर पियानोचा सूर बोटामागून रेंगाळत होता. बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून पुढे देतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ सॅम्पलचा (नमुन्यांचा) होता. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असताना, एवढ्यानेच ११.६ मिलिसेकंद जातात. विंडोजचा साधा ड्रायव्हर सोडून ऑडिओ इंटरफेसचा (संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा आसिओ (ASIO), म्हणजे कमी उशिराचा ड्रायव्हर निवडला, बफर १२८ वर आणला, म्हणजे २.९ मिलिसेकंद. तरी उशीर उरलाच! खरा चोर मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे होता: लुक-अहेड लिमिटर, आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर). आवाजाची शिखरं आधीच पकडायची म्हणून तो सगळा आवाज थोडा अडवून धरतो. लिनिअर फेज इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक सुरांचा समतोल बदलणारा एक प्लगइन, हाही त्याच माळेचा मणी. नुसता बायपास (प्लगइन तात्पुरता बंद करणं) अनेकदा पुरत नाही, प्लगइन काढूनच टाकावा. मग तडतड सुरू झाली, कारण लहान बफरला प्रोसेसर पुरा पडेना. रेकॉर्ड झालेले ट्रॅक फ्रीझ केले, म्हणजे प्रोसेसरवर भार नको म्हणून तयार आवाजात बदलले, आणि पियानोची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे सूर) ६४ वर आणली. मिक्सिंगला बफर पुन्हा १०२४. तिथे उशिराने फारसं बिघडत नाही.