घरचा डेस्कटॉप, माझा लॅपटॉप आणि एकच फोल्डर : सिंक कसं लावायचं

२०२४ च्या ऑगस्टअखेर वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या अकोटा भागातल्या तळमजल्यात शिरलं तेव्हा गाद्या, गहू, देव सगळं वर चढवलं आणि टेबलाखालचा सीपीयू मात्र साफ विसरलो. त्यात बाबांचा मंडळाचा हिशोब, वर्गणीची यादी, मांडववाल्याची बिलं, आणि गणपती तर ७ सप्टेंबरला. हार्डडिस्क वाळवून लावून बघितली, नाही उठली. यादी बाबांनी अर्धी आठवून आणि अर्धी दारोदार विचारून परत लिहिली. मग नवा डेस्कटॉप आला आणि त्याच्याबरोबर घरात सिंक आलं, म्हणजे एकच फोल्डर इंटरनेटवरून दोन्ही कॉम्प्युटरवर आपोआप सारखं राहतं ते.

सर्विस कुठलीही घ्या. फुकटात गूगल १५ जीबी देतं (पण त्यात जीमेल आणि फोटो पण मोजतात बरं का), वनड्राइव्ह ५, ड्रॉपबॉक्स २. आमच्याकडे सगळ्यांचं जीमेल होतंच म्हणून गूगल ड्राइव्ह घेतलं, तेव्हा पुढचं सगळं त्याचंच.

इन्स्टॉल करायच्या आधी एक कंटाळवाणं काम आहे, ते टाळू नका. खरी फाइल कुठली ते ठरवा. आमच्याकडे पेनड्राइव्हवर एक वर्गणीची शीट, माझ्या लॅपटॉपवर दुसरी, नाव तेच आणि आकडे वेगळे, आणि हे असंच सिंकमध्ये ढकललं असतं तर घोळ दोन्हीकडे पोचला असता, मिटला नसता. म्हणून एका कॉम्प्युटरवर बसून एकच फोल्डर नीट लावा, बाकीच्या जुन्या कॉप्या 'जुनं' नावाच्या वेगळ्या फोल्डरात टाका, लगेच डिलीट करू नका.

आता गूगलच्या साइटवरून ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप नावाचा प्रोग्राम उतरवा, इन्स्टॉल करा, लॉगिन करा. दोन्ही कॉम्प्युटरवर अकाउंट एकच हवं, हे सांगायला नको पण आमच्याकडे बाबांनी दुसऱ्याच जीमेलने लॉगिन केलं आणि तासभर "काही दिसत नाही रे" चाललं होतं.

सेटिंगमध्ये स्ट्रीम की मिरर असं विचारतात, तिथे जरा थांबा. स्ट्रीम म्हणजे फाइल असते क्लाउडवर (गूगलच्या सर्व्हरवर), तुम्ही उघडली की उतरते, डिस्क भरत नाही, छोट्या लॅपटॉपला बरं. मिरर म्हणजे पूर्ण कॉपी तुमच्या डिस्कवर पण राहते, नेट गेलं तरी काम चालू. घरच्या डेस्कटॉपला मी मिरर ठेवलंय, लॅपटॉपला स्ट्रीम, आणि लॅपटॉपवर जे फोल्डर प्रवासात लागतं त्यावर राइट क्लिक करून तेवढं ऑफलाइन ठेवायचं. दोन्हीकडे सेटिंग सारखंच हवं असं काही नाही.

मी स्वतः फसलो ते पुढे. तिथे 'अ‍ॅड फोल्डर' म्हणून एक सोय दिसते. मी खुशाल डेस्कटॉपवरचं हिशोबाचं फोल्डर त्याने जोडलं, अपलोड पण झालं, आणि लॅपटॉपवर माय ड्राइव्हमध्ये (ड्राइव्हचं मुख्य फोल्डर) शोधतोय तर नाहीच! कारण असं जोडलेलं फोल्डर वेबवर 'कॉम्प्युटर्स' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन बसतं. दोन्हीकडे एकच फोल्डर पाहिजे असेल तर ते उचलून सरळ माय ड्राइव्हच्या आत ठेवा, बस.

पहिलं अपलोड रात्री लावा आणि विंडोजचं स्लीप बंद ठेवा, नाहीतर कॉम्प्युटर झोपला की अपलोड पण झोपतं. सकाळी वही.टेक्स्ट अशी छोटी फाइल एकीकडे बनवा, दुसरीकडे दिसली की समजा लागलं.

रोजच्या वापरात एकच शिस्त, एक्सेल बंद करूनच उठायचं आणि घड्याळाजवळच्या आयकॉनवर सिंक पूर्ण झालेलं बघूनच कॉम्प्युटर बंद करायचा. तीच शीट इकडे बाबांनी उघडी ठेवलीय आणि तिकडे मी भरतोय असं झालं की दोन कॉप्या तयार होतात किंवा एकाचं लिहिलेलं जातं. टॅलीचा (हिशोबाचं सॉफ्टवेअर) चालू डेटा तर सिंक फोल्डरात ठेवूच नका, त्याचा बॅकअप काढून ती फाइल ठेवा.

मराठी जुन्या फाइली असतील तर अजून एक गंमत. बाबांची जुनी पत्रकं श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, ती लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. फाइल बिघडली नव्हती, सिंक फाइल नेतं, फॉन्ट नेत नाही. तो फॉन्ट दुसरीकडे टाका नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरपद्धत) करून घ्या.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नाही. बाबांनी 'जागा करतो' म्हणून डेस्कटॉपवरून मागच्या वर्षीचं फोल्डर उडवलं ते माझ्याकडूनही गेलं. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं म्हणून वाचलो. फाइल चुकून खराब करून सेव्ह केली तर वेबवर राइट क्लिक करून जुनी व्हर्जन काढता येते, पण ती पण साधारण ३० दिवसांचीच. म्हणून दर महिन्याला एका एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी काढतो आणि ती डिस्क पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कपाटात असते.