दसऱ्याआधी बॉनेट उघडताय? जुन्या गाडीच्या इंजिनपाशी या चुका टाळा

दसरा आठ दिवसांवर आला की माझा फोन वाजायला लागतो. आपल्या नागपुरात त्या दिवशी गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा न करणारं घर विरळाच. ज्यांच्या दारात जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर उभी आहे, ते तर हौसेनं बॉनेटही उघडतात. मग फोन येतो, "काका, इंजिन धुतलं जी, आता गाडी स्टार्टच नाही घेऊन राहिली."

वीस-बावीस वर्षं जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली डोकं घालतो आहे आणि दरवर्षी त्याच चुका पाहतो. गाडी बंद पडते याचं मला फार वाटत नाही, ती पुन्हा सुरू होते. वाईट वाटतं ते जे कायमचं पुसलं जातं त्याचं. जुन्या इंजिनभोवती मळासोबत खुणाही साचलेल्या असतात. एअर फिल्टरवरचा कारखान्याचा कागदी स्टिकर, नट कसल्यावर तपासणाऱ्यानं लावलेला रंगाचा ठिपका, बोल्टांवरची पिवळसर झाक, ओतकामाचा खरबरीतपणा. मळ किती काढला यापेक्षा यातलं काय शिल्लक ठेवलं, यावरून मी साफ करणाऱ्याचा हात ओळखतो.

प्रेशर वॉशर

एका ओळखीच्या निवृत्त मास्तरांची १९६७ची अॅम्बेसेडर मार्क टू आहे, १४८९ सीसीचं इंजिन, एकाच घरात राहिलेली गाडी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती वर्धा रोडवरच्या एका वॉशिंग सेंटरवर नेली. तिथल्या पोरानं सांगितलं, "पाण्यानं काय होते जी? पाच मिनिटांत चकाचक करून देतो." पाच मिनिटांत खरंच चकाचक झाली. शंकरनगर चौकापर्यंत आली आणि बंद पडली. मागे गाड्यांची रांग, वर ऑक्टोबरचं ऊन, आणि मास्तर एकटे गाडी ढकलताहेत.

मी पोचलो, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप काढली. आत पाण्याचे थेंब होतेच. ते पुसले, गाडी सुरू झाली, पण मिसिंग करत होती, तीनच सिलेंडर चालत होते. कॅप पुन्हा काढून उन्हात धरली तेव्हा दिसलं. दोन टोकांच्या मधोमध, पेन्सिलीनं ओढावी तशी केसाएवढी काळी रेघ. धूळ मिसळलेल्या ओल्या थरावरून हजारो व्होल्टांचा करंट घसरतो, कॅपचा पृष्ठभाग जाळतो आणि जळालेल्या जागी कार्बनची वाट तयार होते. मग कॅप कितीही वाळवा, करंट प्लगकडे जाण्याऐवजी त्याच वाटेनं पळतो. पोरानं पाच मिनिटं पाण्याचा मारा केला, त्यात कॅप गेली.

नवी कॅप बसवली. महिन्याभरानं चार्जिंग बंद. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोला हवा खेळायला तोंडं असतात, पाणी तिथून आत शिरलेलं. कम्युटेटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या तांब्याच्या भागावर, काळपट लेप, ब्रश अडकलेले, मागच्या बुशातलं तेल धुवून गेलेलं. तेही दुरुस्त झालं. पण एअर फिल्टरवरचा स्टिकर गेला तो गेलाच. धारेनं अर्धा उडाला, उरलेला लगदा झाला. चोपन्न वर्षं तो नागपूरचे उन्हाळे सोसून टिकला होता. मास्तरांनी त्याचे तुकडे पाकिटात ठेवलेत, मला दाखवले तेव्हा मला बोलवेना.

माझी पद्धत हळू आहे आणि ती हळूच राहणार. आधी बॅटरी सोडायची, अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली, तार पहिली. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो, तेव्हा कोणती तार बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहून मगच पाना लावा. मग फोटो. किमान चाळीस-पन्नास फोटो, प्रत्येक क्लिप, प्रत्येक तारेचं वळण. त्यानंतर वाटीभर रॉकेल, जुना टूथब्रश, बांबूच्या काड्या आणि धुवून मऊ झालेलं सुती धोतर. रॉकेल फक्त लोखंडावर आणि ग्रीसच्या थरावर वापरायचं. रबरी होज आणि तारांवर ते लागू द्यायचं नाही, रबर फुगतं. तारांसाठी रिठ्याचं पाणी, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि एकेक तार चिमटीत धरून पुसायची. मळाखालून लुकास या ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनीचे तारांचे ठरलेले रंग वर येतात. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ. हे रंग दिसले की पुढच्या वीस वर्षांची वायरिंगची डोकेदुखी निम्मी होते. पूर्ण बॉनेटखालचा भाग करायला मला चार रविवार लागतात. ज्याला एका दुपारी उरकायचं आहे, त्यानं बॉनेट बंदच ठेवावं. मळकट इंजिन उत्तम चालतं.

गरम इंजिनवर गार पाणी तर कधीच नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा जाड नळ, बिडाचं असतं, तडकतं.

कॉस्टिक आणि संडास साफ करायचं ॲसिड

हे दोन्ही उपाय लोक एकमेकांना सांगत असतात, म्हणून स्पष्ट लिहितो. फियाटच्या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो. तुम्हाला दिसणारे बुडबुडे मळाचे नसतात, धातू विरघळत असतो आणि हायड्रोजन निघत असतो. वर राहतो तो काळा, खवल्याखवल्यांचा पृष्ठभाग. ॲसिड बोल्टांवरचा जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा काढून टाकतं. पहिल्या दिवशी बोल्ट चांदीसारखे लखलखतात आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. कॅडमियम विषारीही आहे, म्हणून त्या पिवळसर बोल्टांवर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा, तेवढं पुरे.

बॅटरीखालच्या ट्रेवर पांढरी बुरशी आलेली असेल तर बॅटरी बाहेर काढून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, फेस थांबला की पुसा. सोडा बॅटरीच्या आत जाता कामा नये.

"सगळं काळं मारून टाका"

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी फियाट ११०० डिलाइट १९६८ची. वडिलांनी घेतली तेव्हा रंग फिकट निळसर करडा होता, असं आई सांगायची. बाहेरून ती दोनदा रंगवली गेली, एकदा पांढरी, एकदा मरून. बॉनेटखाली मात्र जुनाच रंग होता, तेलकट थराखाली. पेंटरकडे दिली तेव्हा मी बाहेरगावी होतो. परत आलो तर त्यानं खूश होऊन बॉनेट उघडून दाखवलं. फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा), दोन्ही बाजूंचे पत्रे, बॅटरीचा ट्रे, हॉर्नचे ब्रॅकेट, सगळं चकचकीत काळं. चेसी नंबरची पट्टी रिव्हेटांसकट काळी. तारांवरही फवारा. त्यानं ते मनापासून केलं होतं, वेगळे पैसेही घेतले नव्हते. मी काही बोललो नाही.

काही वर्षांनी गाडी मूळ रंगात न्यायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की मूळ रंगाचा एकमेव नमुना त्या काळ्याखाली गेला आहे. वडील नव्हते, आई 'आकाशासारखा, पण मळभ आलेल्या' म्हणायची. त्यावरून दुकानदार रंग कसा बनवणार? तीन दिवस शोधलं. शेवटी हॉर्नचं ब्रॅकेट सोडलं, आणि त्याच्या मागे, ब्रॅकेट पत्र्याला टेकलं होतं तिथे, दोन बोटांएवढी जागा सापडली जिथे पेंटरचा फवारा पोचला नव्हता. ओल्या फडक्यानं पुसली, बोटानं थोडं कंपाऊंड घासलं आणि आतून तो रंग आला. निळा म्हणावा तर करडा, करडा म्हणावा तर निळा. मी आईला हाताला धरून गॅरेजात आणलं. ती वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, "हाच."

तेव्हापासून मी कुणालाही बॉनेटखाली रंग मारू देत नाही. मारायचाच झाला तर आधी ब्रॅकेट, पट्ट्या, हॉर्न काढून त्यांच्यामागचा रंग पाहा, फोटो काढा, जुळवून घ्या आणि तो तुकडा न रंगवता सोडा. आधीच कुणी काळं मारलेलं असेल तर घाईनं खरवडू नका. कोपऱ्यात, बोटाएवढ्या जागेवर, कापसाला थोडं थिनर लावून बघा. वरचा नवा थर आधी मऊ पडतो, खालचा जुना थोडा वेळ तग धरतो. त्या मधल्या काही क्षणांत पुसून घ्यायचं. दर बोळ्याला कापूस बदलायचा. मी फायरवॉलचा अर्धा भाग असा मोकळा केला, त्याला एक हिवाळा गेला.

यात कागदपत्रांचाही प्रश्न आहे. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रंगानं बुजलेला किंवा ग्राइंडरनं पुसट झालेला इंजिन नंबर घेऊन आरटीओत उभं राहून बघा म्हणजे कळेल. सँडब्लास्टिंगवाल्याला ब्लॉक देताना नंबरावर जाड टेप स्वतःच्या हातानं लावा, त्याच्या भरवशावर राहू नका.

बाकीच्या, थोडक्यात

टायर पॉलिश होजवर मारू नका. तीन दिवस चमकतं, चौथ्या दिवशी नागपूरची सगळी धूळ त्यावर चिकटते, आणि फॅनबेल्टला लागलं तर बेल्ट घसरतो.

कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका. त्या काळच्या गॅस्केटांत आणि सायलेन्सरच्या आवरणांत ॲस्बेस्टॉस असे, ते छातीत जातं. ओलं करून पुसा.

ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं पुसा, ते रंग सोलतं.

जुनी क्लिप वाकडी आहे म्हणून फेकू नका. सरळ करा, नाही झाली तर डबीत ठेवा. माझ्याकडे अशा तीन डब्या आहेत आणि त्यातून चार जणांच्या गाड्या पुऱ्या झाल्या आहेत.

मॅनिफोल्डला सिल्वर पेंट मारू नका. पहिल्याच लांबच्या फेरीत जळतो आणि वास काचा लावूनही आत येतो.

जवसाच्या तेलाची चिंधी

उघड्या लोखंडावर गंज धरू नये म्हणून मी शिजवलेलं जवसाचं तेल अगदी पातळ, जवळजवळ कोरड्या फडक्यानं फिरवतो आणि तासाभरानं पुसून काढतो. एक्झॉस्टच्या जवळ नाही. जवस आपल्या विदर्भाचंच पीक, तेल मिळायला अडचण नाही. लोखंडाचा मूळ रंग राहतो, वर लॅकरसारखी खोटी चमक येत नाही.

पण त्या चिंध्यांकडे लक्ष द्या. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं आणि त्यात उष्णता तयार होते. चिंधीचा बोळा करून डब्यात टाकला तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि बोळा आपोआप पेटू शकतो, काडी न लावता. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी रॉकेलची वाटी. माझ्या शेडमध्ये एकदा बोळा हातात घेतला तर गरम पोळीसारखा लागला. तेव्हापासून चिंध्या अंगणातल्या तारेवर एकेक पसरून वाळवतो आणि मगच टाकतो.

सगळं पुसून झालं की बॉनेट लगेच लावायचं नाही. दुपारभर उघडं ठेवायचं, कडुनिंबाखाली नको, पानं आत पडतात. संध्याकाळी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, कडेला आणि खालच्या ऑइल पॅनच्या जोडापाशी टाल्कम पावडर भुरभुरायची, इंजिन दहा मिनिटं चालवायचं आणि बंद करून झोपायला जायचं. सकाळी पावडरीत जिथे काळी ओली रेघ उतरलेली दिसेल, तिथलं गॅस्केट बदला.