दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत: बोन्सायसाठी बी गोळा करताना आणि पेरताना

पावसाळा सरला की आपल्याकडच्या बऱ्याच झाडांच्या शेंगा आणि फळे पिकू लागतात. कामिनीची लाल फळे दिवाळीच्या आसपास, आवळा कार्तिकात, खैराच्या शेंगा मार्गशीर्ष-पौषात, बोर संक्रांतीला, चिंच माघ-फाल्गुनात आणि कवठ शिवरात्रीला. बोन्सायसाठी रोपे तयार करायची असतील तर बी गोळा करण्याचा हाच हंगाम. मात्र गोळा करण्याचा हंगाम आणि पेरण्याचा हंगाम एकच धरू नका. नवीन मंडळींची रोपे बहुतेक वेळा इथेच जातात.

जपानी बोन्सायची पुस्तके आणि व्हिडिओ पाहिले तर तिथे शरदात मेपल, पाइनचे बी गोळा करून ते दोन-तीन महिने थंडीत ठेवायला सांगतात. मेपलला ते लागतेच, पाइनच्या काही जातींनाही. ओल्या थंडीचा काळ गेल्याशिवाय त्यांच्या बियांची झोप मोडत नाही. आपल्या झाडांची अडचण वेगळी आहे. चिंच, आपटा, गोरख चिंच (बाओबाब) यांचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरत नाही, आणि नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इतक्या गार असतात की भिजलेले बीसुद्धा मातीत बसून राहते आणि कुजते. म्हणून फ्रिज विसरा. ऑनलाइन मिळणारी मेपलची पाकिटेही घेऊ नका. फ्रिजमध्ये ठेवून ती उगवतीलही, पण दरवर्षी कडक थंडीची विश्रांती मागणारे ते झाड दख्खनच्या एप्रिल-मेमध्ये तग धरत नाही. 

बी घेण्याआधी झाड बघा. ज्या झाडाची पाने बारीक, पेरे आखूड, साल लवकर भेगाळलेली आणि फांद्या बुंध्याजवळून फुटलेल्या, त्याचे बी घ्या. रोपे आईसारखी हुबेहूब निघत नाहीत, पण निवडीची सुरुवात चांगली होते. झाडाखाली पडलेल्या जुन्या शेंगा टाळा. चिंचेच्या शेंगेत भुंगेरा शिरतो, तोच जो साठवणीतल्या भुईमुगालाही लागतो. टाचणीएवढे भोक दिसले की ते बी बाजूला काढा. आत गर उरलेला नसतो.

चिंचोके मिळवायला झाडावर चढावे लागत नाही. फाल्गुनात गावोगावी चिंचा फोडायचे काम चालते, तिथे ढीग पडलेले असतात. फक्त ते भाजलेले किंवा उकळलेले नाहीत एवढे विचारून घ्या. आवळ्याचेही तसेच. मुरंब्याच्या किंवा कँडीच्या कारखान्यातून आलेल्या आठळ्या उकळलेल्या असतात, त्या उगवत नाहीत. पिकलेला आवळा उन्हात वाळवला की आठळी आपोआप फुटते आणि आतून सहा बारीक बिया निघतात. त्या पाण्यात टाकून बुडालेल्या तेवढ्या ठेवा आणि त्याच हंगामात पेरा.

साठवायचे बी सावलीत वाळवा, कापडी पिशवीत किंवा बरणीत राख मिसळून ठेवा. पिशवीवर झाडाचे नाव, जागा आणि महिना लिहाच. चार वर्षांनी एखादे रोप फार देखणे निघाले तर कोणत्या झाडाचे बी होते हे कळले पाहिजे, पुन्हा तिथेच जायचे असते.

साठवता न येणारे बीही असते. कामिनीचे फळ लाल झाले की तोडा, गर चोळून धुवा आणि त्याच आठवड्यात पेरा. वाळवून ठेवले की ते झपाट्याने निकामी होते. थंड भागात वाफ्यावर रात्री प्लास्टिकचा कागद ओढा, सकाळी काढा. कवठाचे बी गरात रुतलेले असते. राखेत चोळून धुतले तर चिकटपणा लवकर जातो. शिवरात्रीला खाल्लेल्या कवठाचे बी तेव्हाच पेरले तर थंडी ओसरत असते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. कवठ वाढीला फार सावकाश, पण पान बारीक, काटेरी फांदी आणि जुनी दिसणारी साल. माझ्या मते बोन्साय करणाऱ्यांनी या झाडाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. विदर्भ-खानदेशात बांधावर कवठ असेल तर बाहेरचे काही आणायची गरज नाही.

कठीण कवचाच्या बियांसाठी गरम पाण्याची रीत पुरते. पाणी उकळा, खाली उतरवा, पाच-सात मिनिटे थांबा, मग बी टाका आणि रात्रभर तसेच राहू द्या. चुलीवर पाणी उकळत असताना बी कधीच टाकू नये. सकाळी फुगलेले बी पेरायला घ्या, न फुगलेल्यांना तीच प्रक्रिया पुन्हा. गोरख चिंचेचे बी त्यातूनही हट्टी असेल तर कानशीने एका बाजूला कवच थोडे घासा, अंकुराची बाजू सोडून. वसईत आणि मुंबईत जुनी गोरख चिंच बघितलेल्यांना तिच्या फुगीर खोडाबद्दल सांगायला नको. रोपही पहिल्या काही वर्षांतच बुंध्याशी जाड व्हायला लागते. थंडीत ती पाने टाकते, त्या काळात पाणी जवळजवळ बंद करा, नाहीतर मूळ कुजते. खैराला गरम पाणी लागत नाही, साध्या पाण्यात रात्रभर भिजवणे पुरे. बोराची आठळी मिठाच्या दाट पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. बुडालेल्या स्वच्छ धुवून हलक्या हाताने फोडा आणि आतले बी पेरा. अख्खी आठळी पेरली तर तीन-चार आठवडे वाट बघावी लागते, फोडलेले बी आठवड्याभरात उगवते.

वड, पिंपळ, उंबर यांचे बी राईपेक्षा बारीक. पिकलेले फळ कुस्करा, वाळवा आणि ओल्या विटेच्या चुऱ्यावर नुसते भुरभुरा, वर माती टाकू नका. त्याला उजेड हवा असतो.

आता मुळाकडे येऊ, कारण बियाण्यापासून बोन्साय करण्याचा खरा फायदा तिथे आहे. नर्सरीतून आणलेल्या रोपाचे मूळ पिशवीत गोल फिरलेले असते. ते वळण झाड मरेपर्यंत जात नाही आणि बुंध्याशी उघडे केले की कुरूप दिसते. बियाण्यापासून सुरुवात केली तर बुंध्यातून सगळ्या बाजूंना पसरणारी मुळे आपल्या हातात असतात. चिंच, खैर, बोर ही सगळी सोटमुळाची झाडे. वर दोन पाने दिसतात तोवर मूळ खाली वीतभर गेलेले असते. उंच पिशवीत पेरले तर ते तळ गाठून वळते. म्हणून तीन-चार इंच खोलीच्या क्रेटमध्ये पेरा, आणि खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की रोप अलगद उपटून सोटमूळ मानेखाली (खोड आणि मूळ जुळतात तिथून खाली) इंच-दीड इंच ठेवून धारदार कात्रीने कापा. बाजूची तंतुमुळे राखा. मग कौलाचा किंवा फरशीचा एक तुकडा मातीत आडवा ठेवून त्यावर रोप बसवा, मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी पसरवा, वरून माती द्या. खाली जायला वाट नसली की मुळे आडवी धावतात आणि बुंधा तळाशी रुंद होतो.

ही छाटणी रोपाला मोठा धक्का असते आणि काही रोपे जातात, हे धरून चाला. हवेत ओल असेल तर नुकसान कमी. म्हणून पेरणीची तारीख पावसाकडून मागे मोजा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, मृगाच्या आसपास, रोपे छाटायच्या अवस्थेत यायला हवीत. त्यासाठी देशावर, मराठवाड्यात, विदर्भात चिंच आणि खैर एप्रिलच्या शेवटी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, ५० टक्के शेडनेटखाली पेरा. कोकणात थंडी बोचत नाही, तिथे फेब्रुवारीत पेरले तरी उगवते, पण मुळाची छाटणी पावसावरच ठेवा. छाटल्यावर पंधरा दिवस सावली, आणि त्या काळात खत अजिबात नाही.

मातीबद्दल एकच आग्रह: काळी माती क्रेटमध्ये घालू नका. ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि तंतुमुळे तुटतात. पक्क्या विटांचा चुरा किंवा बारीक मुरूम दोन भाग, चाळलेला पोयटा एक भाग, मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. कोकणात जांभ्याचे बारीक खडे विटेच्या जागी चालतात. चुऱ्यातली धूळ धुऊन काढा, तीच पाण्याचा निचरा बंद करते. रोपे मातीच्या रेषेवर मऊ पडून कोलमडत असतील तर ती मर, म्हणजे बुरशीचा रोग आहे. पेरणीआधी गांडूळखतात ट्रायकोडर्मा मिसळले, पाणी सकाळीच दिले आणि दाटी विरळ केली तर ती बहुतेक आटोक्यात राहते. ट्रायकोडर्मा दिल्यावर लगेच तांबेयुक्त बुरशीनाशक ओतू नका, आपणच घातलेली उपयोगी बुरशी त्याने मरते. लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क.

शंभर रोपे उगवली तर शंभरही सांभाळायची नसतात. पहिल्या पावसाळ्याअखेर पाहणी करा. ज्यांची पाने बारीक, फांद्या खालून आणि मुळे चारही बाजूंनी, ती ठेवा. उरलेली बांधावर लावा किंवा वाटून टाका. चिंचेची राहिलेली रोपे बांधावर मोठी होऊन सावली आणि फळ देतील, ती वाया जात नाहीत.

बोन्सायच्या उथळ कुंडीत रोप लगेच बसवण्याचा मोह आवरा. उथळ कुंडीत झाड जिवंत राहते पण खोड जाड होत नाही, आणि पेन्सिलीएवढ्या खोडाचे झाड कितीही वर्षांचे असले तरी म्हातारे दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात निवडलेली रोपे शेतात उंच गादीवाफ्यावर, दीड-दोन फुटांवर, खाली कौलाचा तुकडा ठेवून लावा. शेंडा मोकळा वाढू द्या. पाने जितकी जास्त तितके खोड लवकर भरते. खालची एखादी फांदी मुद्दाम न छाटता वाढवा, ती बुंध्याला जाडी देते, काम झाले की काढून टाका. दर दुसऱ्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला झाड उपटून मुळे छाटा आणि पुन्हा लावा. कुंडीत बसवायची वेळ चौथ्या-पाचव्या वर्षानंतर येते, कवठाच्या बाबतीत आणखी उशिरा. वळण द्यायचे असेल तर मात्र पहिल्या वर्षीच, खोड हिरवे असताना अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. त्या दिवसांत वाढ जोरात असते, तार सालीत रुतली तर वळ कायमचा राहतो.

एवढी वर्षे वाट पाहायची असल्यामुळे हे मुख्य पीक म्हणून करू नका. शेडनेटचा एक कोपरा, बांधालगतची एक गादी एवढेच सुरुवातीला पुरे. कुणी दोन वर्षांत बियाण्यापासून विक्रीयोग्य बोन्सायची हमी देऊन रोपे आणि प्रशिक्षण विकत असेल तर पैसे भरू नका. शेतात तिसऱ्या-चौथ्या वर्षी तयार झालेला जाड बुंध्याचा, चांगल्या मुळांचा कच्चा माल हौशी बोन्सायकार घेतात, घडवण्याचे काम त्यांना स्वतः करायचे असते. लोक काय बघतात हे समजून घ्यायचे तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला जा. तिथे मांडलेल्या बोन्सायचा फक्त बुंधा आणि मुळे बघत फिरा.

बी शक्यतो आपल्या बांधावरून, गावठाणातून किंवा मालकाला विचारून घ्या. अभयारण्यातून बी, फळ, रोप काहीही उचलणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. खडकात वाढलेले जुने खुरटे वड-पिंपळ उपटून आणण्याची पद्धतही थांबायला हवी. अशी झाडे किल्ल्यांच्या आणि घाटांच्या कडेवर अनेक वर्षे जगलेली असतात आणि उपटल्यावर बरीचशी मरतात. त्यांचे पिकलेले फळ खाली पडले असेल आणि जागा अभयारण्याबाहेरची असेल तर तेवढे घ्या. घरी आणून कुस्करा आणि विटेच्या चुऱ्यावर पसरा.