ऑक्टोबर छाटणीनंतरचा ब्लोअर आणि हायड्रोस्टॅटिक मिनी ट्रॅक्टर

पोंगा (कोवळा कोंब) फुटून पानं उघडली आणि नेमका परतीचा पाऊस लागला, की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने द्राक्षबागेत ब्लोअरच्या (ट्रॅक्टरमागच्या पंख्याच्या फवारणी यंत्राच्या) फेऱ्या वाढतात. आपल्याकडे बहुतेकांचा हात गियरच्या ट्रॅक्टरवर बसलेला. तोच माणूस हायड्रोस्टॅटिकवर, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्टरवर बसला, की पहिली चूक ठरलेली: इंजिन दबलं की पेडल आणखी दाबायचं.

इथलं पेडल म्हणजे रेस नव्हे. ते दाबलं की पंप चाकांच्या मोटरकडे जास्त तेल ढकलतो, वेग वाढतो आणि इंजिनावरचा लोडही. म्हणून चढाला किंवा चिखलात इंजिन दबलं तर पाय थोडा उचला. ओढ वाढते. तरीही दम लागत असेल तर थांबून लो रेंज (वेग कमी, ओढ जास्त) टाका. रेंज बदलायची ती उभ्या ट्रॅक्टरवरच. उतारावर रेंजचा दांडा न्यूट्रलला आला तर तेलाची पकड सुटते आणि मागे ६०० लिटरची टाकी असेल तर नुसत्या पाण्याचंच वजन ६०० किलो.

रेस हाताच्या दांड्याने लावायची, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर येईल एवढी, आणि मग फवारणी संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. हळू-जोरात जायचं ते पेडलनेच. वळणावर वेग कमी केला तरी पंखा तसाच फिरतो, हाच या गाडीचा खरा फायदा. पण पाय हलला की औषधाचा हिशेबही हलतो. एकदा साध्या पाण्यावर मोजून घ्या. टाकी काठोकाठ भरा, जागेवर ५ मिनिटं फवारा, पुन्हा भरायला लागलेलं पाणी ५ ने भागा. समजा मिनिटाला १२ लिटर निघालं. दोन ओळींत १० फुटांचं अंतर असेल तर एकरात ४,३५६ फूट चालावं लागतं. १०० फूट ३० सेकंदांत कापले तर एकराला २२ मिनिटं, म्हणजे साधारण २६० लिटर. तेच १०० फूट २० सेकंदांत गेलात तर जेमतेम १७५. मग औषधाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वेग धरून ठेवणारा खटका असेल तर सरळ ओळीत वापरा, ओळ संपायच्या आधी सोडा.

ओल असेल तर डिफरन्शिअल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) फक्त सरळ जाताना. वळायच्या आधी तो सुटला की नाही ते बघाच.

इंजिन बंद केलं की हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर गियरमध्ये ठेवल्यासारखा धरून राहत नाही. बांधावर उभा करताना हँडब्रेक लावा, चाकाला दगडही. नोझल साफ करायला उतरताना आधी पीटीओ आणि इंजिन बंद. गळ्यातलं उपरणं घरीच ठेवलेलं बरं.

तेल पुस्तिकेत लिहिलेलंच घाला. दुकानदाराच्या ‘हेही चालतं’वर जाऊ नका. या गाडीत चाकांना जोर देणारं तेलच आहे, तापलं की ओढ उतरते. छाटणीच्या दिवसांत रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या जाळीत सुकी पानं अडकतात. रोज संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, आतून बाहेर हवा मारा.